टोक सापडेपर्यंत

सोमवार, १ तारीख

देवाच्या कृपेने नव्या गावात घर लागलं. ह्यांची बदली झाली तेव्हा मी खूप कुरकुरले होते, पण घर उजेडाचं आहे, नळाला पाणी भरपूर आहे आणि देवांना स्वतंत्र कोनाडा मिळाला. हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी जातात, ती वाया का घालवा, म्हणून ही रोजनिशी. लेक बाळंतपणाला आमच्याकडेच आली आहे. पहिलटकरीण. पोट एवढं पुढे आलंय की ताट त्यावरच ठेवून जेवते. हे म्हणतात, बरं झालं, टेबलाचा खर्च वाचला.

कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात मदतनीस हवी होती. मी मॅट्रिक आहे, मोजदाद चोख ठेवते, असं सांगितल्यावर सिस्टरनी उद्यापासूनच या म्हटलं. सिस्टर म्हणजे तिथल्या शिकलेल्या सुईण. डॉक्टर बोलावल्यावर शहरातून येतात. कामावरच्या बाईच्या लेकीचं बाळंतपण तिथे फुकट होतं. न मागता मिळालं. सकाळी देवापुढे दिवा लावताना डोळे भरून आले.

गुरुवार, ४

माझं मुख्य काम दिवा धरायचं. बाळंतखोलीला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही वाकड्या मानेचा तो दिवा लागतोच. मूल झालं, वार पडली, की सगळे बाळाकडे धावतात. सिस्टर मात्र आईकडे वळतात. आधी तिला विचारतात, बघू का, दुखलं तर सांग, मी थांबेन. मग मी दिवा खाली आणते. पहिल्या दिवशी लाजून मी मान फिरवली, तर माझ्याबरोबर दिवाही फिरला. सिस्टर म्हणाल्या, बाई, लाज घरी ठेवून येत जा, इथे फक्त उजेड आणा.

बोळ्याने रक्त टिपून त्या बघतात की मूल बाहेर येताना पडलेली चीर नुसत्या कातडीची आहे की खालच्या स्नायूपर्यंत गेली आहे. तिचं आतलं टोक सापडल्याशिवाय टाक्याला हात लावत नाहीत. टाका टोकाच्याही जरा वरून घ्यायचा, नाहीतर वरची शीर आतल्या आत वाहत राहते आणि बाहेर पत्ता लागत नाही. मग मागच्या वाटेत बोट घालून आईला आवळायला सांगतात. तिथला गोल स्नायू तुटलेला लक्षात आला नाही, तर बाईला शौचाला धरून ठेवता येत नाही, आणि ती लाजेने जन्मभर कुणाला सांगत नाही. टाके झाले की पुन्हा तेच बघणं. बोळे माझ्या ताब्यात. दिले तेवढे परत आलेच पाहिजेत.

एक गोष्ट गमतीची. टाके घालण्याआधी दुसऱ्या सुईणीनेही बघावं असा नियम आहे. ती जागा कधीची रिकामी आहे. तरी सिस्टर दर वेळी दाराकडे तोंड करून विचारतात, दुसऱ्या बाई, बघायचं राहिलं का काही? जरा थांबतात आणि लगेच दार लोटून घेतात. बाळंतिणीला धीर येतो म्हणे.

मंगळवार, ९

सिस्टरचा घसा बसलाय. आज विचारायचं काम माझ्याकडे आलं. शिंपीणबाईंना मुलगी झाली. मी दाराकडे बघून विचारलं खरं, पण मला ते फार कोरडं वाटलं. दारात आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का? म्हणून वर म्हटलं, या ना, आत या, अशा दारात काय उभ्या? एवढ्या वेदनेतही शिंपीणबाईंना हसू फुटलं. चादरी न्यायला आलेली धोबीण मावशी म्हणाली, घ्या, आता खुर्चीही द्या बसायला!

सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उठून दार लावलं, आणि कडी दोनदा चाचपली.

गुरुवार, ११

शिंपीणबाई सिस्टरचं फार कौतुक करत होत्या. हलका हात, म्हणे. दुसऱ्या बाईंचा मात्र फार गार. मी म्हटलं, कोण दुसऱ्या? तर म्हणाल्या, तुम्हीच नाही का आत बोलावलंत? माझ्या छातीवर बाळ होतं, त्यामुळे तोंड दिसलं नाही, पण टाके झाल्यावर बराच वेळ बघत होत्या.

बाळंतपणात बाया काहीबाही बोलतात. मी लिहून ठेवलं एवढंच.

आज मास्तरीणबाईंचं झालं. बोळे मोजले तर एक जास्त. कमी आला तर जीव खाली-वर होतो; जास्त कसा येईल? आमचे बोळे पांढरे. हा पिवळट, कडक वाळलेला. मी पुन्हा मोजले. सिस्टरनी माझ्या हातातून तो घेतला आणि जाळायच्या डब्यात टाकला.

रविवार, १४

मास्तरीणबाईंचे टाके सुटले. तुटले नाहीत, सुटले. शिवण उसवताना आपण एकेक दोरा अलगद ओढतो, तसे. चीर गुरुवारपेक्षा लांब आहे. दिवा मीच धरला होता, टोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आज ते तिथे नव्हतं. सिस्टर बघत राहिल्या, वर, आणखी वर. डॉक्टरांना बोलावून गाडीतून मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

जाताना मास्तरीणबाईंनी माझा पदर धरला. म्हणाल्या, त्या दुसऱ्या बाईंना सांगा आता पुरे. सारखं म्हणत होत्या, अजून आहे, अजून वर आहे.

मंगळवार, १६

धोबीण मावशीला खोदून विचारलं. आधी म्हणाली, मला कपडे धुवायचेत, तुझ्यासारखा रिकामा वेळ नाही. मग बादलीवर बसली.

पूर्वी इथे दोघी होत्या. त्या दुसरीचा हात सिस्टरपेक्षाही चांगला. एकदा दिवा नीट चालत नव्हता, एकामागून एक बाळंतिणी, आणि एकीची चीर तिने वरवरची आहे म्हणून शिवून टाकली. टोक बघितलंच नाही. ती पोर पलीकडच्या खोलीत आतल्या आत वाहून गेली. चादर कोरडी होती, मावशी म्हणाली, मीच धुतली ना. दुसरी त्यानंतर फार जगली नाही. पण प्रत्येक बाळंतपणाला दारात येते. विचारलं की तिचं समाधान होतं. सिस्टर इतकी वर्षं नुसतं विचारत होत्या.

आत या असं कुणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, १९

बुधवारी सिस्टरचे पाय धरले. त्या म्हणाल्या, उठा, तुम्हाला काय माहीत होतं. दाराकडे बघून त्यांनी तिला जायला सांगितलं. मीही सांगितलं, हात जोडून, देवाची शपथ घालून. तरी काल बाळंत झालेल्या गवळणीचे टाके आज सकाळी उसवलेले होते.

लेकीला दुसरीकडे नेऊ म्हणून ह्यांच्या मागे लागले. मोठा दवाखाना लांब, वाटेत काही झालं तर कोण बघणार, असं ह्यांचं म्हणणं. कारण विचारलं. सांगितलं. हे आधी हसले. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

लेक म्हणते, आई, तू आहेस ना तिथे दिवा धरायला, मग मला कसली भीती?

रविवार, २१

कपडे बांधले. ह्यांना न सांगता उद्या पहिल्या गाडीने तिला घेऊन जायचं. दागिना मोडीन. देवा, एवढं एक दे.

सोमवार, २२

गाडीपर्यंत पोचलो नाही. फाटकातच तिचं पाणी गेलं, कोपऱ्यावरच आणावं लागलं.

बाळ चांगलं आहे. नात. ह्यांच्याकडे बाहेर दिली आहे.

सिस्टरनी तपासलं. कातडी, स्नायू — टोक सापडलं, तिथं बोळा दाबून ठेवलाय. पण मागचा गोल स्नायू शाबूत आहे की नाही, याची त्यांना एकटीला खात्री नाही. दुसऱ्या कुणीतरी बघायलाच हवं. डॉक्टरांना फोन करायला गेल्या आहेत. मला म्हणाल्या, जागची हलू नका, आणि कुणालाही बोलावू नका.

मी बोलावलं नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहीत बसलेय, पिशवीत हीच वही होती.

लेकीने विचारलं, दुसऱ्या बाई का उभ्या आहेत नुसत्या?

मी वर बघितलं नाही.

दिवा विझवला. उजेड नसेल तर तिला बघता येणार नाही — दाराच्या फटीतून जेवढं येतं तेवढ्यात लिहितेय. सिस्टरना अजून वेळ —

लेक म्हणते, हळू.

ट्रेमध्ये काहीतरी पडलं. बोळा असावा. ओला.

नाव घेतेय देवाचं — तोंडात येत नाही — ती दुसरी मोठ्याने बोलतेय, अजून आहे, अजून —

लेक रडतेय. आई, हात काढ ना, किती गार आहे तुझा हात. माझ्या एका हातात पेन्सिल आहे. दुसऱ्याने मी वही ध—