रेकॉर्डवरचा खोकला

बोट्रोप,
४ ऑक्टोबर २०१२

ती. सौ. हेडविगताईस,
राइनहोल्डचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हुसुमला समुद्राचा वारा सुरू झाला म्हणतेस, तर गुडघ्यांना जप. मी ठीक आहे. खाणीत आता मला खाली न पाठवता जमिनीवरचंच काम देतात आणि रविवारी चर्चच्या मेणबत्त्या मी सांभाळतो.

आता मुद्द्याचं. आपल्या नॉर्बर्टच्या हेवी मेटल बँडची 'सातवी पातळी' ही रेकॉर्ड पंचवीस वर्षांनी पुन्हा निघते आहे. हॅनोव्हरची एक कंपनी काढते आहे. नॉर्बर्ट गेल्यापासून त्याचा हक्क आपल्या दोघा भावंडांकडे आहे, म्हणून दोघांच्या सह्या हव्यात.

तू ती कधी ऐकली नाहीस. छपरावरून कोणी भांडी लोटतंय असं वाटतं, म्हणायचीस. मी अजून दर शनिवारी मेणबत्त्यांचे दांडे पुसताना लावतो. फादर चिडवतात, की राइनहोल्ड, तुझ्यासाठी मला वरती बरीच रदबदली करावी लागणार. मी त्यांना सांगतो, की यात सैतान नाही, खाणीच्या सातव्या पातळीवरची आमची सकाळची पाळी आहे. गिटार सुरू झाल्या की कोळशाच्या भिंतीला यंत्र भिडावं तशी छाती हादरते. गाणारा ओरडतो खरा, पण खाली सगळेच ओरडून बोलतात, नाहीतर ऐकू कोणाला जाणार? आणि आपल्या नॉर्बर्टचे ड्रम! एवढा वेग, पण एक ठोका घाईचा नाही. एवढ्या गोंगाटात माझं मन शांत होतं. हसू नकोस.

दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं संपतं, तिथे बाबांचा खोकला आहे. आपल्या धुण्याच्या तळघरातच पोरांनी सगळं रेकॉर्ड केलं होतं. बाबा कबुतरांना दाणे घालून खाली आले आणि पायरीवर बसले, तेव्हाचा तो. कंपनीचा माणूस मोठ्या आनंदाने सांगत होता, की हा डाग आता पार पुसून टाकता येतो. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाला, ताईंनाही विचारून घ्या.

म्हणून विचारतो. बाबांचा दुसरा कुठलाच आवाज आपल्याकडे नाही.

क्लाउसभावजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा
राइनहोल्ड


हुसुम,
१५ ऑक्टोबर २०१२

चि. राइनहोल्ड यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तिथेच आहेत. मेणबत्त्या पुसताना तू असलं काही लावतोस आणि फादर नुसते हसतात, म्हणजे तुमच्याकडे आता फादरच नवे आणायला हवेत.

खोकला काढायला सांग. तो काढला तरच मी सही करीन.

तुम्ही दोघे मागच्या खोलीत झोपायचात. माझी खाट बाबांच्या भिंतीला लागून होती. तो खोकला मी लहानपणभर ऐकला. त्याहून भीती वाटायची तो थांबला की. मी श्वास धरून पडायची आणि पुन्हा आला की सुटायची. त्या भिंतीपासून लांब जायचं म्हणून इतक्या लांब लग्न केलं. क्लाउस म्हणतो, अजूनही झोपेत उठतेस आणि भिंतीला कान लावतेस.

आणि आता अनोळखी लोक काळे टी-शर्ट घालून, बिअर पीत तो ऐकणार? अरे, खाणीतल्या धुळीच्या त्या खोकल्यातच बाबा गेले ना?

रागावू नकोस. तब्येत सांभाळ, उपास फार करू नकोस.

तुझी
ताई


बोट्रोप,
२ नोव्हेंबर २०१२

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आज मृतात्म्यांचा दिवस. आईबाबांच्या आणि नॉर्बर्टच्या थडग्यांवर दिवे लावून आत्ताच आलो. तुझ्या वाटणीचाही लावला.

मी रागावलेलो नाही. तुझ्या भिंतीचं मला ठाऊक नव्हतं. पण माझंही ऐक. बाबा काय काय बोलायचे ते मला सगळं आठवतं, आवाज मात्र आठवत नाही. देवाकडे मागून पाहिलं, तरी येत नाही. उरलाय तो हा खोकला.

रेकॉर्ड पाठवतो आहे. पुसायच्या आधी एकदा ऐक. भावजींना शेजारी बसव. तेवढीच जागा ऐक, सगळी ऐकलीस तर शेजारी पोलिसांना बोलावतील. त्यानंतरही नको वाटलं तर तू सांगशील तिथे मी सही करतो. हा विषय पुन्हा काढणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
राइनहोल्ड


हुसुम,
१९ नोव्हेंबर २०१२

चि. राइनहोल्ड यास,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्ड पोचली. क्लाउसने माळ्यावरून प्लेअर काढला, धूळ पुसली आणि कानात कापूस घालून बसला.

तिसरं गाणं संपलं. खोकला आला. मी टेबलाची कड घट्ट धरली. तो अगदी तसाच होता, रे.

पण तू इतकी वर्षं ऐकतोस आणि त्याच्या पुढचं मला कधी लिहिलं नाहीस. पुढचं गाणं सुरू करायला नॉर्बर्टच्या काठीचा एक ठोका पडतो, तोच बाबांना पुन्हा उबळ येते. नॉर्बर्ट थांबतो. ती गिटारवाली दांडगी पोरंसुद्धा थांबतात. बाबांचा घसा मोकळा होतो आणि मगच तो पुन्हा पहिल्यापासून ठोके देतो.

आपण जेवायच्या आधी प्रार्थना म्हणायचो ती आठव. बाबांना उबळ आली की शब्द तिथेच सोडायचा, जोडलेले हात तसेच ठेवायचे, सूप निवलं तर निवू द्यायचं. हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्या घरांतून असंच करतात अशी माझी समजूत होती. लग्नानंतर इथे सासऱ्यांना प्रार्थनेत ठसका लागला, तर मी एकटीच आमेन अडवून बसले आणि बाकीच्यांचं अर्धं जेवण झालं. क्लाउस अजून त्यावरून चिडवतो.

मला वाटायचं, त्या भिंतीशी जागी मी एकटीच. नॉर्बर्टही थांबलेला असायचा. तुम्ही सगळेच असणार.

कंपनीला कळव, की खोकला काढायचा नाही आणि पोरं थांबली आहेत ती जागाही कापायची नाही. सही केलेला कागद सोबत आहे. तुझ्या बाकीच्या गोंगाटाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

खोकला मला अजून ऐकू येतो. परवा आला तेव्हा मी हात जोडले आणि तो संपेपर्यंत थांबले.

तुझी
ताई