वस्तीच्या रेडिओचा अर्थ

कडाव, ता. कर्जत
मार्च १९८५

प्रिय कोंडीराम,

तुम्ही लिहावं की तू, या विचारात पेनाची शाई वाळली. शेवटी तूच लिहिते, कारण मनातल्या मनात रागावताना मी तुला कायम तूच म्हणत आले. आणि रागावले आहे मी पुष्कळ. ज्याने मला नकार दिला त्याच्यावर रागवायचं नाही तर कुणावर? तू नको म्हणालास आणि का, ते कधी सांगितलं नाहीस. हा सल मी इतकी वर्षं जपला आहे. शाळेतल्या पोरांना मी चटकन माफ करते, तुला मात्र केलं नाही.

तुझी बहीण जना कर्जतच्या बाजारात भेटली होती. भुसावळची नोकरी सोडून तू लोधिवलीला परत आलास, चौकला दुरुस्तीचं दुकान टाकलंस, तुझी बायको जाऊनही आता बराच काळ लोटला, हे तिच्याकडून कळलं. वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. मी आहे तशीच आहे. मास्तरीण होते, आता मोठ्या बाई झाले, आडनाव मात्र बदललं नाही. स्थळं येत होती आणि मी प्रत्येकात काहीतरी खोट काढत होते. बाप म्हणून नाना बोलून बोलून थकले, मग गेले.

तुला कोंडाण्याची लेणी आठवतात? वैशाखी पौर्णिमेला आपल्या दोन्ही गावची वस्ती तिथे जायची. सगळे वंदना म्हणत होते आणि तू भिंतीवर टिचक्या मारत होतास. मला म्हणालास, ‘हितं रेडिओ लावला तर काय घुमंल गं!’ मुलीशी पहिल्यांदा बोलताना कुणी असं बोलतं का? पण मला तू तिथेच आवडलास, हे आज लिहून टाकते.

मग आपल्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मध्ये माझा बुधाजीमामा होता. त्याच सुमाराला आमच्या विहारातला रेडिओ बिघडला आणि तो बघायला तू सायकल हाणत आलास. सगळी वस्ती जमून कारणं सांगत होती. कुणी म्हणे बॅटरी उतरली, कुणी म्हणे मुंबईवाले आज बोलतच नाहीत. अंबाबाई विहारात उभी राहून म्हणाली, दृष्ट लागली असंल, आणि मग तिनेच जीभ चावली. तू कुणाचं ऐकलं नाहीस. आधी बॅटरी बघितलीस, मग छपरावरची तार, मग आतले व्हॉल्व्ह. आवाज नुसता खरखर. माझा चुलतभाऊ पोशा मागच्या अंगाला तार धरून उभा होता आणि मी समोरच्या विहिरीवर घासलेलाच हंडा पुन्हा घासत होते. तेवढ्यात बुधाजीमामा दारात आला आणि त्याने विचारलं, ‘काय रं कोंडीराम, पोरीच्या बापाला काय सांगू?’ तुझं डोकं रेडिओत. आतूनच तू मोठ्याने म्हणालास, ‘अर्थच नाय त्यात.’

मामा तसाच तणतणत नानांकडे गेला. माझ्या पोरीत अर्थ नाय काय, असं म्हणून नानांनी मला पनवेलला मास्तरकीच्या शिक्षणाला घातलं. त्या संध्याकाळी रेडिओ छान बोलू लागला होता, पण तो मला पुढे ऐकवला नाही. तुमच्या घरी काय निरोप गेला, ठाऊक नाही. मुलीने आपण होऊन विचारायची रीत नव्हती. पुढे तुझं लग्न झाल्याचं कानावर आलं.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या आठवड्यात शाळेला टीव्ही मिळाला. लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. कर्जतहून कारागीर आला. त्याने अँटेना फिरवून बघितला, वायर बघितली, मग पेटीला हात लावताच झटका खाल्ला आणि म्हणाला, ‘बाई, अर्थच नाही याला.’ मी चिडले. सरकारने दिलेल्या वस्तूला अर्थ नाही म्हणजे काय? तो हसला आणि त्याने समजावलं. जमिनीत पुरतात त्या तारेला अर्थ म्हणतात. जुन्या रेडिओंना तर ती नसली की नुसती खरखर यायची. मी मटकन खुर्चीत बसले. मुलांना वाटलं, बाईंनाही झटका बसला. कोंडीराम, त्या दिवशी तू मामाला उत्तर दिलंस, की मागे तार धरलेल्या पोशाला? माझ्याबद्दल बोलला असशील तर गप्प राहा. एकदा पचवलं, दुसऱ्यांदा पचणार नाही. आणि रेडिओबद्दल बोलला असशील तर पत्र लिहीत बसू नकोस, सरळ निघून ये. इतक्या वर्षांचा राग माझ्या हातात तसाच आहे आणि आता तो कुठे ठेवू, हे मला खरंच कळत नाही.

‘तुझीच’ लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून नुसतीच,
गोदा