शनिवारी सांगायचं राहिलं ते

सर, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. परवा वर्ध्याला एका लग्नात मला पंख्याखालची खुर्ची मिळाली होती. मे महिना, वर्ध्याचं ऊन आणि पंख्याखालची खुर्ची. आमदाराच्या मेव्हण्यालासुद्धा ती सहजासहजी मिळत नाही. पण तिची पाठ दाराकडे होती. दोन मिनिटं बसले, मान आखडली, आणि निमूट उठून भिंतीला टेकायला उष्ट्या ताटांच्या ढिगाशेजारी गेले. दीड तास वरणाच्या वासात काढला. नवरा लांबून हातवारे करून विचारत होता, काय झालं? काय सांगू? आर्वीच्या एसटी डेपोतल्या एका मेकॅनिकनं, म्हणजे तुम्हीच, पस्तीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं, "दाराकडं पाठ करून बसू नोको वं," आणि तो हुकूम मागे न घेताच तो माणूस वारला. याची दाद कुठे मागायची?

तुमची ती कराटेची शाळा आठवते. पावसाळ्यात बंद असलेल्या कापसाच्या जिनिंगचं आवार, कोपऱ्यात चिकटून राहिलेला जुना कापूस, आणि आम्ही सात मुली. सकाळी मुलांची तुकडी यायची. ती पोरं हातानं कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फोडायची आणि गावात कोणाच्या छपरावरून कवेलू गेलं की नाव तुमचं यायचं. आम्हालाही कवेलू फोडायची होती. कराटे म्हणजे तेच, अशी आर्वीची ठाम समजूत होती. तुम्ही नखांतलं ग्रीस खरवडत म्हणालात, "गुंडा आला त त्याले काय सांगसान? थांब बाप्पा, पयले कवेलू घेऊन येतो?" पांढरा पोशाखही तुम्ही शिवू दिला नाहीत. रोज जे घालता तेच घालून या, पायात चपला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात वह्या. एसटीत काय तो डगला घालून बसणार आहात?

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त ओरडलो. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. जन्मभर हळू बोल, हळू बोल ऐकलेल्या पोरी. आवाज गळ्याच्या वर येईना. शिंप्याची मुलगी, माझ्याहून वर्षानं लहान, मान खाली घालून म्हणाली, "अहो, हात काढा ना." तुम्ही कपाळावर हात मारलात. "अहो? तुया जवाई हाये काय तो?" आम्ही हसून जमिनीवर बसलो, आणि त्या हसण्यातच तिचा आवाज फुटला. "हात काढ रे!" ती अशी ओरडली की भिंतीपलीकडचा चहावाला कोणावर काय बेतलं ते बघायला धावत आला.

मग पळणं. ते आम्हाला अपमानास्पद वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "मारल्यावर पयाचंच हाये ना? मंग आधीच पय. कोपर, गुडघा हे सारं, रस्ता बंद असंन तवा."

आणि शनिवार. शनिवारी शिकवणं नसायचं, सांगणं असायचं. गोल बसायचं आणि आठवड्यात कोणावर काय गुदरलं ते जसं झालं तसं सांगायचं. कुठे उभी होतीस, त्याचा हात कुठे होता, तू काय केलंस. पहिल्या शनिवारी तुम्हीच सांगितलंत. डेपोत एका दारुड्यानं तुमच्या थोबाडीत मारली आणि अकरा वर्षं दर रविवारी नागपूरला जाऊन कराटे शिकलेले तुम्ही गालावर हात ठेवून उभे राहिलात. "मले काईच सुचलं नाई," तुम्ही म्हणालात. कोणी हसलं नाही. "खोटं सांगू नोका बायांनो. एक खोटं सांगन आन् मार दुसरी खाईन."

मी खोटं सांगितलं.

कॉलेजातून परतताना तेलघाणीच्या बोळात एका सायकलवाल्यानं मला धरलं. मी अठरा वर्षांची, तुमच्या वर्गातली सगळ्यात तोंडाळ. आवाज आलाच नाही. मी वह्या टाकल्या, खांदा सोडवला आणि पळाले. पिठाच्या गिरणीचं पुढचं दार बंद होतं, म्हणून वळसा घालून मागच्या दारानं आत शिरले आणि बायकांच्या मागे, पिठाच्या धुरळ्यात उभी राहिले. एवढंच. शनिवारी मात्र मी त्याला कोपर मारलं, गुडघा मारला, सायकलसकट पाडलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही विचारलंत, "कोन्तं कोपर?" मी म्हणाले, "उजवं." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "हं."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच बोळात शिंप्याच्या मुलीला तोच गाठतो. ती पाय रोवून उभी राहते आणि माझं कोपर मारायला जाते. तो तिचा हात पिरगाळतो. गिरणीतल्या बायका धावून येईपर्यंत हाड मोडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिचा बाप आवारात येतो, मापाची फीत अजून गळ्यात. "पोरीले हेच शिकवलं काय तुमी?" तुम्ही हात जोडता. "चूक माही हाये भाऊ. मी शिकवतानी कमी पडलो." मी चार हातांवर उभी आहे. माझं तोंड, जे पुढे गावभरच्या लबाडांवर सदरं लिहून पोट भरणार आहे, ते मिटलेलं आहे.

मुलींची तुकडी बंद पडली. महिनाभरानं स्टँडवर तुम्ही भेटलात, बसच्या खालून बाहेर येत. "गिरनीतली बाई सांगून राह्यली होती," तुम्ही म्हणालात, "तू लय जोरात पयली म्हने." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही म्हणालात, "चांगलं केलं, पोरी. एकदम बरोबर केलं," आणि पुन्हा बसखाली गेलात. पुढे तुम्ही वारल्याचं मला वर्षभर उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कोणाचं बोलणं चाललेलं असताना.

गेल्या आठवड्यात मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला शिंप्याच्या त्या मुलीच्या घरी गेले. ती आता दोन नातवंडांची आजी. ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. उजवा हात अजून पुरता सरळ होत नाही. मी बसले नाही. कुठे उभी होते, त्याचा हात कुठे होता, मी काय केलं, सगळं जसं झालं तसं सांगितलं. तिची सुरी थांबली.

"गिरनीत शिरली कुठून तू?" तिनं विचारलं. "समोरचं दार त बंद राह्यचं."

"मागून."

"मागून दार होतं?" तिनं सुरी ताटात ठेवली. "मले मालूमच नव्हतं वं. समोरचं बंद दिसलं, म्हनून थांबली मी."

मग तिनं चहा ठेवला. आम्ही दोघींनी तो ओट्याशीच उभ्यानं घेतला. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "येत जाजो."

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं. पण सर, सांगून आले. वार मंगळवार होता, आणि आवाज काही मोठा निघाला नाही.