उलटं फिरायलंय

अण्णा, परवा मोबाइलवर सिनेमाची तिकिटं काढताना मी घाबरले. हसू नका. आता तिकिटासाठी खिडकीपुढे घामाघूम व्हावं लागत नाही, घरी चहा पितापिता बोटानं खुर्च्या निवडायच्या असतात. मला ते चांगलं जमतं, औषधाच्या दुकानात दिवसभर मी कॉम्प्युटरशीच झगडते. पण एकाच सिनेमाचे दोन खेळ पुढे आले, एक साधा आणि एक 'हाय फ्रेम रेट'चा. तुमची नात माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "आई, हाय फ्रेम रेटच घे. सगळं एकदम खरं दिसतं त्यात." खरं दिसतं हे ऐकून मी फोन पालथा ठेवला. पन्नाशीकडे झुकलेली बाई सिनेमाला घाबरते, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगणार? तुम्हाला मात्र सांगावं लागत नाही. मी किती भित्री आहे ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आपली सुट्टी गुरुवारची. सगळ्या पुण्याला रविवार, आणि भोसरीच्या कारखान्यांना गुरुवार, त्यामुळे वर्गातल्या मुलींचे बाबा घरी असायचे तेव्हा तुम्ही लोखंड कातायच्या लेथवर उभे, आणि तुम्ही घरी असायचात तेव्हा मी शाळेत. म्हणून तर संध्याकाळचा खेळ. मी दप्तर टाकते, तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून रहाटणीच्या त्या एका खोलीच्या दारात उभे आहात, आणि आई ओरडते आहे की पोरीचा अभ्यास कोण घेणार. मग चिंचवडची टॉकीज, पाठीला टोचणारी लाकडी खुर्ची, खिशात शेंगदाणे. पडद्यावर गुंड टांग्याच्या मागे लागले की मी तोंड तुमच्या शर्टात खुपसायची. कितीही धुतला तरी त्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. तुम्ही माझी हनुवटी धरून वर करायचात. "भ्यायचं न्हाई. टांग्याचं चाक बघ. कसं फिरायलंय?" मी एका डोळ्यानं बघायची. "उलटं." "टांगा पुढं चाललाय अन् चाक मागं, असं कुठं असतंय व्हय? मग खोटंय समदं. खा शेंगदाणे." गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी तुमचं 'फिरायलंय' काही सुटलं नाही. त्यानंतर प्रत्येक सिनेमात मी आधी चाक शोधायची. भुताच्या सिनेमात चाक नसतं, म्हणून तो आपण कधी पाहिलाच नाही.

तर परवा मी तुमच्या नातीला सहज म्हणावं तसं विचारलं, सिनेमात चाक उलटं का गं फिरतं? तिला असलं काही विचारलं की ती खुलते. डिप्लोमा झालाय तिचा, मेकॅनिकलचा. चाकणच्या एका कंपनीत मशीन शॉपला नोकरी लागली आहे आणि शुक्रवारपासून हजर व्हायचं आहे, त्याच आनंदात ती मला गुरुवारी सिनेमाला नेणार होती. नोकरीला मी अजून हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही कारण सापडत नव्हतं. "सिनेमा म्हणजे फोटोच गं," ती म्हणाली, "एका सेकंदाला चोवीस. एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत चाकाची आरी पुढच्या आरीच्या जवळ पोचते, पण जराशी मागे राहते. आपल्याला वाटतं चाक मागे गेलं. हाय फ्रेम रेटमध्ये फोटो दुप्पट, म्हणून डोळा कमी फसतो." मी विचारलं, "अजिबात फसत नाही?" "कमी फसतो म्हटलं मी." आणि मग चहात टोस्ट बुडवताबुडवता, तिला काहीच माहीत नसताना, ती म्हणाली, "आणि आरी बरोब्बर पुढच्या आरीच्या जागी आली ना, तर चाक थांबलेलंच दिसतं. लेथवर होतं तसं. ट्यूबलाइट सारखी उघडझाप करत असते, आपल्याला कळत नाही. तिच्या उजेडात एखाद्या वेगाला फिरणारा चक चक्क थांबलेला दिसतो. पहिल्याच वर्षी शिकवतात आम्हाला."

चक म्हणजे लेथवर काम घट्ट पकडून गरगर फिरतो तो भाग, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती टोस्ट खात राहिली. माझा चहा निवला.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आजोबा कारखान्यातल्या अपघातात गेले, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका दारात उभे होते, आत येत नव्हते. "वैनी, चक थांबल्यागत दिसत व्हता वो. म्या सोता बघितला." ते पुन्हा पुन्हा तेवढंच बोलत होते, आणि आम्हाला वाटलं, बिचारे, आमचं मन राखायला काहीतरी बोलताहेत. मालक आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "लक्ष नव्हतं त्याचं." घरात राहिलं ते मालकांचं वाक्य. आई तुमच्या फोटोला हार घालताना विचारायची, "लक्ष कुठं होतं तुमचं? दोन जीव घरात होते ना?" ती गेली तीसुद्धा तुमच्यावर रागावूनच. आणि मी? मी पोरीला वाढवलं तेच 'लक्ष दे' या दोन शब्दांवर. रस्ता ओलांडताना लक्ष दे, कुकर उघडताना लक्ष दे, गाडी चालवताना लक्ष दे. मला खरंच वाटायचं की लक्ष दिलं की माणूस वाचतो.

आणि तुमचं तर लक्ष होतं. तुमच्या मशीनचा पिवळा बल्ब, जो ट्यूबसारखी उघडझाप करत नाही, तो गेलेला होता, हेही काका तेव्हा म्हणाले होते. नुसत्या वरच्या ट्यूबा चालू होत्या. तुम्ही मशीन बंद करायचा दांडा खाली केलात, तरी चक फिरतच राहिला, आजूबाजूच्या मशिनींच्या आवाजात ते कळलं नाही. तुम्ही नीट बघितलंत, चक थांबलेला दिसला, म्हणून हात घातलात. बाही तिथंच ओढली गेली. अण्णा, ज्या खोट्यावर बोट ठेवून तुम्ही माझी भीती घालवलीत, तेच खोटं तिथं तुमच्यासमोर उभं होतं आणि तुम्हाला ते ओळखता आलं नाही. हे कळल्यापासून मला नीट झोप नाही. नीट बघणाऱ्याचाही घात होत असेल, तर शुक्रवारी सकाळी दारात उभी राहून मी माझ्या लेकीला काय सांगणार होते?

तिकिटं अजून काढायचीच होती. साधा खेळ घ्यावा तर त्यात ते उलटं चाक, आणि त्याच्याकडे मला आता बघवणार नव्हतं. दुसरा घ्यावा तर लपायला आडोसाच नाही. "काय गं, दोन खुर्च्या निवडायला एवढा वेळ?" ती म्हणाली. मी हाय फ्रेम रेटचा घेतला. निदान कमी फसवेल, असं मनाशी म्हटलं.

गुरुवारी गेलो. अण्णा, तुम्हाला तो सिनेमा आवडला नसता. काचेच्या खिडकीतून शेजारच्या घरात बघावं तसं सगळं लख्ख. माणसं धावतात ती आपल्या अंगणात धावल्यासारखी, घाम दिसतो, बाहीची शिवणसुद्धा दिसते. तिकडे ट्रकचा पाठलाग सुरू झाला आणि मी सवयीनं चाक शोधलं. ट्रक पुढे जात होता आणि चाकही पुढेच जात होतं. हे सगळं खोटं आहे, असं सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. मी पोरीचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती कळवळली. "आई, काय झालं? सिनेमाय तो!" मी म्हटलं, "बाहेर चल."

बाहेर मॉलच्या पायऱ्यांवर बसून मी तिला सगळं सांगितलं. बल्ब, ट्यूबा, दारातले काका, मालकांचं वाक्य. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आजोबा बघत होते." तेवढ्या एका वाक्यावर मी ढसाढसा रडले. येणारेजाणारे बघत होते, त्यांना वाटलं असेल सिनेमा फारच हृदयद्रावक दिसतोय. मग ती मला समजावायला लागली, आता मशिनीला दार असतं, दार उघडलं की मशीन आपोआप बंद पडतं. मी विचारलं, "आणि ते दार बिघडलं असेल तर?" ती नखं कुरतडत म्हणाली, "आई, भीती मलापण वाटते गं. कुणाला सांगायची नसते म्हणून सांगितली नाही." तिच्या तोंडून हे ऐकून मला पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही.

आज शुक्रवार. सकाळी ती कंपनीचा गणवेश घालून निघाली. बाह्या कोपरापर्यंत, घट्ट, हे मी आधी बघून घेतलं. दारात मी नेहमीसारखं 'लक्ष...' म्हणायला गेले आणि पुढचं येईना. ती एक मजला उतरून गेली. तेव्हा मी कठड्यावरून वाकून ओरडले, "थांबलेलं दिसलं तरी फिरायलंय समज! आणि भ्यायचं! रोज भ्यायचं!" शेजारीण दार उघडून बघायला लागली. माझ्या तोंडात 'फिरायलंय' कुठून आलं देव जाणे, उभ्या आयुष्यात मी तसं बोललेली नाही. खालून पोरीचं हसू आलं. "बरं, फिरायलंय!"

आता संध्याकाळ झाली आहे. फोन गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळे दिवसभर काही कळलेलं नाही. मी खिडकीशी बसून तुम्हाला हे लिहिते आहे. पाठवायला कुठला पत्ता आहे? कपाटात तुमच्या फोटोमागे ठेवून देईन. तुम्ही मला भ्यायचं नाही असं शिकवलंत आणि मी तुमच्या नातीला भ्यायला सांगितलं. तुमचं शिकवणं मोडलं, त्याचं वाईटही वाटत नाही. कोपऱ्यावर कंपनीची बस आली आहे, थांबलेली दिसते आहे. पोरं उतरताहेत. एवढ्या लांबून कोण ते ओळखू येत नाही, आणि खरं सांगायचं तर, भीतीनं मी अजून नीट बघितलेलंच नाही.