सिद्धूची रविवारची मेल

पिंगळी, जि. परभणी
सोमवार, १६ जून २०२५

सिद्धोधनदादास,

जयभीम. आमी इकडं बरे आहोत, तू बरा असशीलच. तुला 'दादा' लिहायचं जिवावर आलं होतं. पण माय शेजारीच बसलीय, तिनं विचारलं, "कुणाला लिहायलीस?" "दादाला," असं तोंडातून निघून गेलं. म्हणून तसंच लिहिलं.

फोन केला तर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कट करतोस. हे पत्र स्पीड पोस्टानं येईल, सही करून घ्यावं लागेल. तेवढं तरी स्वतःच्या हातानं कर.

गावात पेरणीची घाई चाललीय. मायच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत. परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता टाळाटाळ केली तर नजर कायमची जाईल. आणि तुझी माय काय म्हणती? "माझं लेकरू आल्याबिगर मी डोळ्याला हात लावू देणार न्हाई." घ्या!

फोनवर तिला ऐकू येत नाही, व्हिडिओवर तुझं तोंड दिसत नाही. तिचा सगळा जीव तुझ्या रविवारच्या मेलमध्ये. सोमवारी परभणीला कामावर गेले की मी ती कॉलेजच्या लॅबमधून छापून आणायची, तिच्या कानाशी ओरडून वाचायची. मग माय उत्तर सांगणार, मी तुला पाठवणार. दर वेळी एकच प्रश्न, "ऑपरेशनला कधी येतूस?" आणि तुझं त्यावर अवाक्षर नाही. वर मायच तुझी बाजू घेणार, "कामाच्या घाईत इसरलं असंल."

चैत्रात, उन्हानं जीव नकोसा झालेला असताना, तू विचारलंस, 'पाऊस झाला का? पेरणी कुठवर आली?' माझं डोकं फिरलं. मायला मात्र हसू आवरेना. "येडं झालं का काय! तिकडं पुण्यात पडला असंल."

आता नीट ऐक.

लॅबमधलं जुनं लिनक्स मशीन भंगारात काढायचं ठरलं. तू तिथं नोकरीला होतास तेव्हा ज्याच्यावर मला शिकवलंस, तेच. बंद करायच्या आधी त्यावर कुणाची आपोआप चालणारी कामं लावून ठेवलेली आहेत का, ते बघायचं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाकली आणि तुझ्या नावाखालचं काम समोर आलं. दर रविवारी सकाळी, लिहून ठेवलेल्या सात फायलींतली एक उचल, ती मेलच्या कमांडला दे, पाठवणाऱ्याच्या जागी सिद्धोधनचा पत्ता टाक, आणि दे सुकेशनीला धाडून. एक पावसाची फायल, एक तब्येतीची फायल, एक 'कामाचा लय लोड आहे' वाली. सगळ्या एकाच दिवशी बसून लिहिलेल्या.

पुण्याहून काही येतच नव्हतं रे! माझ्या खुर्चीच्या मागच्या मशीनमधून निघायचं आणि त्याच मशीनमध्ये माझ्या खात्यात पडायचं. आणि मी येडी ते छापून, घडी घालून, रेल्वेच्या गर्दीत जपत पिंगळीला आणायची. मायची उत्तरं मात्र खरीखुरी पुण्याला जायची. एक तरी उघडलीस का?

कामाच्या ओझ्यानं माणूस विसरतो, ते मी समजून घेतलं असतं. पण विसरायची सोय करून ठेवायची? लाज कशी वाटली नाही तुला? मेल पाठवायला खिडकी उघडावी लागत नाही, माऊस लागत नाही, एका ओळीत काम होतं, हे किती कौतुकानं शिकवलं होतंस मला. मी शेखी मिरवायची सगळ्यांपुढं, माझ्या दादानं शिकवलं म्हणून. आता ते आठवलं की अंगाची आग होते.

मायला सांगणार होते. गेल्या सोमवारी तोंड उघडलंही, पण तिनं आधीच हात पुढं केला, "आण, वाच." वाचली. तब्येतीची फायल होती.

मग काल रविवारी मी लॅब उघडून बसले. तुझ्या सातही फायली उडवल्या. तुझीच ओळ, तुझाच पत्ता, फक्त मजकूर माझा: 'माय, शुक्रवारी सत्तावीस तारखेला मी येतो. ऑपरेशन त्याच दिवशी ठरव. तुझा सिद्धू.' आणि एंटर मारला. मायला कुठं दिसतंय, कोऱ्या कागदावरून वाचलं असतं तरी चाललं असतं. पण एक प्रत तुझ्याही पत्त्यावर टाकलीय, उद्या 'मला माहीतच नव्हतं' म्हणायला जागा नको. तुझ्या नावानं खोटं लिहिलं याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

मघाशी ती वाचून दाखवली. माय भिंत धरत धरत शेजारच्या केशरबाईला सांगून आली. डॉक्टरांना फोन करून मी तारीख पक्की केली. तेव्हापासून एकच चाललंय, "पट्टी सोडली की पहिलं तोंड माझ्या सिद्धूचं बघणार."

तिला न्हाऊ मी घालते. डोळ्यांत औषध मी टाकते. कानाशी ओरडून घसा माझा बसतो. पट्टी सुटल्यावर माझं तोंड बघावं, असं तिच्या मनात एकदासुद्धा आलं नाही, दादा. हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं.

तू नाही आलास तर ती दवाखान्यातून उठून घरी येईल. मी तिला ओळखते. मग तिची नजर गेली ती तुझ्या नावावर, आणि हे सगळं मी तिला कानाशी ओरडून सांगेन.

आलास तर पट्टी सोडायच्या वेळी तिच्या पुढ्यात उभा राहा. मी खोलीच्या बाहेर थांबीन. तिनं तुला पोटभर बघितलं की जा. माझ्याशी बोलायला थांबू नकोस.

मायची लेक,
सुकेशनी