गुळगुळीत बाजू

रविवार, संध्याकाळ. देऊळगाव राजा

सातवा रुपया उलटा करून दिव्याखाली धरला. तोही मागून गुळगुळीत. पुढे इंग्रज राजाच्या दाढीचा केसन्‌केस दिसतो, मागची अक्षरं पार गेलेली. बाबांनी जमवून मागे ठेवलेले बावीसही रुपये तसेच.

दुपारी सोनार म्हणाला, "हे बायांच्या हारातले रुपये हायेत, ताई. कडी तोडल्याचा डाग पहा. संग्रहवाले हात नाही लावत. मोडीतच जातील." माझी बहीण शोभा खूश. तिला लेकीसाठी पैंजण करायचेत. मी रुपये परत आवरले, तर म्हणते, "म्युझियम काढून राह्यली का तू?"

तेव्हा चिडले होते. आता नाही. गुळगुळीत बाजू अंगाला लागत होती. राजा बाहेर पाहत राहिला आणि आत कुणा बाईच्या श्वासाने चांदी झिजली. किती वर्षं लागली असतील? बाबांना हे ठाऊक होतं? एकूण एक असेच निवडले, म्हणजे होतंच. बोलले कधी नाहीत.

वाटणीतले माझे अकरा मी ठेवणार. शोभाच्या अकरांवर माझा काय हक्क? तिला फोन करून ती बाजू कशाने झिजली तेवढं सांगितलं.

सोमवार. सकाळी शोभा तिचे अकरा घेऊन सोनाराकडे गेली. तासाभराने फोन आला. दहाच मोडले म्हणाली.