फ्रीझर बंद करू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचेही दडपण नाही. या घरात दडपण कुणाचे असते, ते आमच्या यजमानांना विचारावे.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी यजमानांकडे, व त्यांच्या पश्चात माझ्या भाचीकडे जाव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीनेच करावी. ती वकील आहे, आणि आमच्या घराण्यात वेळेवर फोन उचलणारी तेवढी एकटीच.

कलम २. धाकट्या बहिणीने भुवया कोरायला नेलेला माझा बारीक चिमटा तिने परत करू नये. तो आता प्रयोगाच्या कामाचा राहिलेला नाही.

कलम ३. आता खरी मालमत्ता. मागच्या खोलीतील डीप फ्रीझरमध्ये हवाबंद नळ्यांत तळ्याच्या तळाचा गाळ आहे. त्या तळ्याचे पाणी अख्खे गाव पिते. बंद पडलेल्या कारखान्याचे आर्सेनिक त्या गाळात बसले आहे. माझे म्हणणे असे, की तिथे ते गंधकाने धरून ठेवले आहे. गाळ उपसला, हवा लागली, की ती पकड सुटेल आणि विष पाण्यात उतरेल. नगरपालिका येत्या उन्हाळ्यात तळे उपसणार आहे. त्याआधी हा गाळ सिंक्रोट्रॉनवर तपासला गेलाच पाहिजे. इलेक्ट्रॉन गरागरा फिरवून प्रखर क्ष-किरण काढणारे ते मैदानाएवढे यंत्र. तिथे आमचा नंबर आत्ता कुठे लागला आहे, पुढच्या फेब्रुवारीत. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरून माझा त्याआधीच लागेलसे दिसते.

"ह्या चिखलापायी घरात आइस्क्रीम ठेवायची सोय नाही," अशी यजमानांची जुनी कटकट आहे. आवराआवरीच्या नावाखाली त्यांनी फ्रीझर बंद केल्यास कलम १ रद्द समजावे. गाळ गेल्यावर आइस्क्रीम खुशाल ठेवावे. खावे मात्र बेताने. ओरडायला मी नसेन.

कलम ४. हा गाळ मी शंकासुराला देते. हा माझा जुना सहकारी. हे नाव प्रयोगशाळेत मीच पाडले. माझा कुठलाही निष्कर्ष असो, भर सभेत उठून ह्याचे एकच पालुपद: "बाई, हे नमुन्यातलं नाही, तुमच्या किरणांचं काम आहे." किरण एकाच कणावर फार वेळ रोखले तर आर्सेनिकचे रूप पालटते, हे खरे. म्हणून तर मी नमुना गोठवते आणि दर मापनाला जागा बदलते. तरी ह्याचे आपले तेच. त्याने माझे इतके डोके खाल्ले आहे, की आमच्याकडे त्याला चहा मिळतो, बिस्कीट मिळत नाही.

पण माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांना गाळ दिला, तर बाई बरोबरच असणार असे धरून ते मोजायला बसतील, आणि नगरपालिका त्यांना हसून वाटेला लावील. शंकासुर मला खोटे पाडायला जिवाचे रान करील. इतके करूनही मी खरी ठरले, तर स्वतः जाऊन उपसा थांबवील. तेवढा तो सरळ आहे. माझा दुसऱ्या कुणावर इतका भरवसा नाही. मी चुकले असेन तर तळे खुशाल उपसावे. मला आनंद होईल, आणि थोडा रागही येईल.

खुलासा : दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी शंकासुराचे नाव खोडलेले आहे. सहीसाठी मी त्यालाच बोलावले होते. त्याने पेन उघडले, तेवढ्यात भाची म्हणाली, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही तरी करा, नाहीतर गाळ तरी घ्या."

त्याने कलम ४ पुन्हा वाचले. पेन बंद केले.

"गाळ घेतो," तो म्हणाला. "पण बाई, फेब्रुवारीपर्यंत थांबा हं. तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगायचीय मला." मग यजमानांकडे वळून म्हणाला, "वीज गेली तर काय सोय आहे?"

यजमान म्हणाले, "मी आहे की. बर्फ आणून ठेवलाय." आणि त्यांनी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी ठेवली. माझी हरकत नाही.

सही : गिचमिड आहे, पण माझीच.
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई. २. शेजारचे शिंपीकाका (यांना यातून काहीही मिळत नाही).
ठिकाण : मागची खोली. फ्रीझर चालू.
दिनांक : १२ ऑक्टोबर.